जुन्या वृत्तपत्रांतील सरहद्द आणि घराण्यांचा शोध



बऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक बऱ्हाणपुरात नाही, ते लालबागेत आहे. शहरापासून सुमारे दोन मैलांवरच्या या वस्तीतून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळहून खंडव्याकडे गेला. मार्च १८७० मध्ये जबलपूरला हा रूळ अलाहाबादेकडच्या रुळाला मिळाला आणि मुंबई ते कलकत्ता हा सलग लोहमार्ग लालबागेवरून वाहू लागला. त्या गाड्यांतून माणसे आली, कापूस गेला आणि टपालाच्या थैल्यांतून वृत्तपत्रे आली. आपल्या गावाविषयीची बातमी पुण्या-मुंबईच्या पत्रात छापून दोन-तीन दिवसांनी आपल्याच स्थानकावर उतरलेली पाहणे हा अनुभव या भागातील वाचकांना तेव्हापासूनचा आहे. त्या बातम्यांचे आज काय करावयाचे, त्यांतून आपल्या पूर्वजांचा माग कसा काढावयाचा आणि त्यांवर किती विश्वास ठेवावयाचा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाला बऱ्हाणपूर-लालबागेइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल, कारण हा मुलूख सरहद्दीचा आहे. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले, पुढे ते शिंद्यांकडे गेले. बऱ्हाणपूर शहर इंग्रजांच्या स्वाधीन कायमचे झाले ते १८६० मध्ये. १८६४ मध्ये निमाड जिल्हा मध्य प्रांतात घातला गेला, आणि त्यानंतर लालबागेतून निघालेल्या वाटसरूला दोन दिवसांच्या चालीत चार राजवटी लागत. पायाखालची जमीन मध्य प्रांताची; दक्षिणेला रावेरकडे उतरले की मुंबई इलाख्याचा खानदेश; पूर्वेला वऱ्हाड, म्हणजे मालकी निजामाची आणि कारभार इंग्रज रेसिडेंटाचा; आणि उत्तर-पश्चिमेला होळकरांचे निमाड. मध्ये सातपुड्याचे जंगल. त्या जंगलात सीमेचे दगड असले तरी चोराला ते दिसत नसत आणि फौजदाराला मात्र दिसत. खंडव्याच्या पोलिसाला होळकरी हद्दीत पाऊल टाकायचे तर परवानगी आणि पत्रव्यवहार हवा. गुन्हेगार देवाणघेवाणीचा कायदा १८७९ मध्ये झाला. ठगी आणि दरोडा खात्याचे अधिकारी संस्थानांतून फिरत असत. तरीही कागद पोहोचेपर्यंत टोळी तिसऱ्याच राजवटीत गेलेली असे.

याच चार सीमांच्या सांध्यात तंट्या भिल्ल वाढला. निमाडातला हा शेतकरी भिल्ल जमिनीच्या वादातून वैरात, वैरातून तुरुंगात आणि तुरुंगातून जंगलात गेला. नोव्हेंबर १८७८ मध्ये तो खंडव्याच्या तुरुंगाची भिंत चढून पळाला आणि पुढची जवळजवळ अकरा वर्षे निमाड, खानदेश, वऱ्हाड आणि होळकरी मुलूख येथे सरकारला हुलकावणी देत राहिला. ऑगस्ट १८८९ मध्ये, मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने दगा दिल्याने, तो होळकरी हद्दीत पकडला गेला. खटला जबलपूरला चालला, १९ ऑक्टोबरला शिक्षा झाली आणि ४ डिसेंबर १८८९ रोजी त्याला फाशी देण्यात आले. न्यूयॉर्क टाइम्सने १० नोव्हेंबर १८८९ च्या अंकात त्याच्याविषयी मजकूर छापला आणि त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले. समुद्रतार चालू होऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. निकाल जबलपूरला लागला आणि मजकूर न्यूयॉर्कला तीन आठवड्यांनी निघाला, त्यावरून तो तारेने न जाता टपालाच्या बोटीने, एखाद्या इंग्रजी पत्राच्या कात्रणावरून गेला असावा असा तर्क करता येतो. वृत्तपत्रावरची तारीख आणि घटनेची तारीख यांतले अंतर मोजण्याची सवय शोध घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. त्या अंतरावरून बातमी कोणत्या वाटेने आली ते कळते, आणि वाट कळली की सांगणारा कोण ते हुडकता येते.

तंट्याच्या त्या अकरा वर्षांत या टापूत मराठी वृत्तपत्रे कमी नव्हती. खंडव्याला 'सुबोध सिंधु', धुळ्याला 'खानदेश वैभव', जळगावला 'प्रबोधचंद्रिका', अकोल्याला 'वऱ्हाड समाचार', उमरावतीला 'प्रमोदसिंधु'. शिवाय पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' आणि १८८१ पासून 'केसरी', मुंबईचे 'इंदुप्रकाश' आणि 'नेटिव्ह ओपिनियन'. इंग्रजी पत्रांत मुंबईचा 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि अलाहाबादचा 'पायोनियर'. मात्र यांपैकी गावोगावी पगारी बातमीदार ठेवण्याची ऐपत फारच थोड्यांची होती. मराठी साप्ताहिकाचा बातमीदार म्हणजे बहुधा शाळामास्तर, वकील, पोस्टातला किंवा रेल्वेतला कारकून. तो कचेरीच्या गावात राहत असे, जंगलात नव्हे. दरोड्याची बातमी त्याच्यापर्यंत पाटील, पोलीस किंवा लुटला गेलेला सावकार यांच्याकडून येई. ज्याच्यावर आळ आला तो भिल्ल, कोरकू किंवा पारधी वृत्तपत्राच्या कचेरीत कधी आलाच नाही. त्याची बाजू छापलेली नाही याचे कारण दुष्टावा असेलच असे नाही. ती तिथवर पोहोचलीच नव्हती.

दुसरी गोष्ट उसनवारीची. त्या काळची पत्रे एकमेकांना अंक पाठवीत आणि एकमेकांच्या बातम्या उचलीत. कधी नाव घेऊन, बरेचदा न घेता. म्हणून एकच दरोडा धुळ्याच्या, अकोल्याच्या आणि पुण्याच्या पत्रांत सापडला तर तीन साक्षीदार मिळाले असा आनंद मानू नये. तिन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. लुटीची रक्कम, माणसांची संख्या आणि एखादा चमत्कारिक शब्द तिन्हींत सारखाच आढळला तर साक्षीदार एकच आहे आणि बाकीचे दोन प्रतिध्वनी. रक्कम दर पत्रागणिक वाढत गेलेली दिसली तर तर्काला विशेष वाव उरत नाही.

शब्दांचाही विचार करावा लागतो. इंग्रजी दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली आणि तिच्यात पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेल्या जबरी चोरीलाच दरोडा म्हटले आहे. चार असतील तर ती नुसती जबरी चोरी, आणि शिक्षेतला फरक मोठा. फिर्यादीत पाचवा माणूस कसा आला, हा प्रश्न अनेक जुन्या प्रकरणांत विचारण्यासारखा आहे. होळकरी हद्दीत कायदा वेगळा, शब्द वेगळे. मराठी बातमीदार मात्र दरोडा, डाका, वाटमारी, घरफोडी, दंगा हे शब्द सैलपणे वापरतो. म्हणून बातमीतला शब्द पाहून निकाल न करता खटल्याचे कलम पाहावे. याहून नाजूक बाब जातिनामांची. भामटा, पारधी, कैकाडी ही समाजांची नावे त्या काळच्या बातम्यांत दूषणासारखी वापरलेली आढळतात. लालबागच्या किंवा भुसावळच्या स्थानकावर एखाद्या भामट्याने गाठोडे पळविले असे वाचले, तर तो त्या समाजाचा माणूस होता की बातमीदाराला नुसता चोर म्हणायचे होते, हे बातमीवरून ठरविता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ च्या विस्ताराने हा सैलपणा सरकारी दप्तरात पक्का केला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी वृत्तपत्रांच्या जुन्या पानांत तो अजून तसाच छापलेला आहे, आणि त्या समाजांतील नातवंडे-पतवंडे आता तीच पाने उघडू लागली आहेत.

नावांचा गोंधळ तर पदोपदी. बऱ्हाणपूर इंग्रजी पत्रांत निदान तीन प्रकारे लिहिलेले आढळते. लालबाग म्हटले की मुंबईच्या वाचकाला गिरणगाव आठवते, इंदूरच्या वाचकाला होळकरांचा राजवाडा, आणि बऱ्हाणपूरकराला आपले स्थानक. 'लालबागेत चोरी' एवढ्या मथळ्यावरून पान नकलून घेणारा मनुष्य पुष्कळदा परळच्या एखाद्या चाळीचा इतिहास घेऊन घरी येतो. तंट्याचे नाव इंग्रजीत तात्या टोप्यांच्या नावासारखेच लिहिले जाई. टोप्यांना एप्रिल १८५९ मध्ये फाशी झाले, त्यापूर्वी त्यांची फौज निमाडातून जाताना खंडव्याची ठाणी जळाली होती. नावाच्या जुळणीवरून शोधणाऱ्याच्या हाती दोघांचे कागद एकत्र येतात, आणि आता यंत्राने शब्द शोधण्याची सोय झाल्यापासून हा घोटाळा कमी न होता वाढला आहे. याच महिन्यांत आणखी एक गुंता आहे. तंट्या पळाला नोव्हेंबर १८७८ मध्ये, आणि वासुदेव बळवंत फडक्यांचे दरोडे सुरू झाले फेब्रुवारी १८७९ मध्ये. त्या वर्षीच्या पत्रांत दख्खनमधील आणि सरहद्दीवरील लुटी एकाच मथळ्याखाली एकापुढे एक लागलेल्या आढळतात. कोणत्या ओळीशी कोणाचा संबंध, हे गाव पाहून ठरवावे लागते, मथळा पाहून नव्हे.

आणि तिथी. दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, निमाडात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचे जुळते. वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. पुणेकर ज्या दिवसाला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो त्याच दिवशी बऱ्हाणपूरचा व्यापारी भाद्रपद वदी अष्टमी लिहितो. वहीतली तिथी घेऊन वृत्तपत्राचा अंक शोधणाऱ्याने हे विसरले की तो नेमका एक महिना चुकतो, आणि अंकात काही नाही अशी खात्री करून परततो. त्यात शक, संवत आणि महसुली कागदांतील फसली सन यांची भर. घड्याळाचे तर सांगायलाच नको. रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर, म्हणजे बऱ्हाणपूरच्या सूर्यापेक्षा सुमारे सोळा मिनिटे पुढे. भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ च्या आरंभी. आरोपी अमुक गाडीने गेला की नाही यावर ज्या खटल्याचा निकाल अवलंबून असेल, त्यात सोळा मिनिटे थोडी नव्हेत.

हे सारे एका घराण्याच्या बाबतीत कसे घडते ते कल्पून पाहू. रावेर तालुक्यातले एक जुने वतनदार घर. घरात चार पिढ्या सांगितले जाते की तंट्याने वाडा लुटला, खतपत्रे जाळली आणि पणजोबांचे नाक कापले. नाक कापण्याची शिक्षा तंट्याच्या नावावर नोंदलेली आहेच, त्यामुळे गोष्ट अशक्य नव्हे. घरातल्या तरुणाला ती पडताळून पाहावीशी वाटते. पहिला प्रश्न वर्षाचा. तंट्या १८७८ च्या अखेरीपासून १८८९ च्या मध्यापर्यंतच मोकळा होता. दरोडा १८७६ च्या दुष्काळातला निघाला तर शोध तिथेच वेगळे वळण घेतो. दुसरा प्रश्न हद्दीचा. गाव खानदेशात, म्हणून तपास मुंबई इलाख्याच्या पोलिसांचा, आणि बातमी आधी धुळे-जळगावच्या पत्रांत. ती सापडली तर तिच्यात बहुधा एवढेच असेल की भिल्लांच्या टोळीने अमक्या गावी दरोडा घातला. नाव नाही. पंधरा दिवसांनी पुण्याच्या पत्रात ही टोळी तंट्याची असावी असा तर्क येतो. महिन्याने मुंबईच्या इंग्रजी पत्रात तर्क गळून पडतो आणि नुसता तंट्या उरतो. सरहद्दीवरचा बेवारशी दरोडा प्रसिद्ध नावाच्या खात्यावर जमा करणे सर्वांच्या सोयीचे होते. पोलिसाला आपले अपयश मोठ्या चोराच्या अंगावर टाकता येई, पत्राला खप मिळे, आणि लुटल्या गेलेल्या घराला, विचित्र वाटेल, पण थोडी प्रतिष्ठाही मिळे. कोणा अज्ञात पाच जणांनी लुटले यापेक्षा तंट्याने लुटले हे पुढच्या पिढ्यांना सांगायला बरे.

आता या तरुणाने पत्र मिटून ठेवले तर घराण्याची आख्यायिका छापील आधारासह पक्की होईल. त्याने पुढे जावे. सत्र न्यायालयाचा निकाल शोधावा, सरकारी राजपत्रातील इनामांच्या जाहिराती पाहाव्यात, नंतरच्या महिन्यांचे अंक चाळावेत. कदाचित असे निघेल की त्या दरोड्याबद्दल शेजारच्याच पाड्यातल्या पाच भिल्लांना शिक्षा झाली आणि त्यांतले दोघे काळ्या पाण्यावर गेले. तंट्याचा संबंधच नाही. त्या पाड्यात त्यांचे वंशज आजही राहत असतील, याच वाड्याच्या शेतात कामाला येत असतील. किंवा असे निघेल की पाचही जण अपिलात सुटले. आणि ही गोष्ट वृत्तपत्रात मुळीच आली नसेल, कारण अटकेची बातमी होते, सुटकेची क्वचितच. वृत्तपत्रांच्या आधारे गुन्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या एका गोष्टीकडे जितके दुर्लक्ष केले आहे तितके दुसऱ्या कशाकडे नाही. पकडला गेला एवढे वाचून एखाद्याच्या आजोबाला दरोडेखोर ठरविणे हा शोध नव्हे.

वाड्याच्या शोधासाठी दरोड्याच्या बातमीपेक्षा वृत्तपत्राची मागची पाने अधिक उपयोगी पडतात. खतपत्रे जळाली वा चोरीस गेली म्हणजे सावकार जाहीर नोटीस देत; १८७५ मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले आणि खते जाळली गेली, तेव्हापासून अशा कागदांची काळजी सर्वांनाच वाटू लागली होती. दत्तकाची नोटीस, वारसाची नोटीस, भाऊबंदकीच्या वादातली हरकत, दुष्काळ फंडातील देणगीदारांची यादी, वर्गणी पोचल्याची ओळ: यांत खेड्यापाड्यांतील नावे गावांसह सापडतात. ही पाने तिखटमीठ लावून छापलेली नसतात, म्हणून खरी असतात. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे देणे आवश्यक झाले, त्यामुळे छापखाना चालविणाऱ्या घराण्यांनाही आपला माणूस सापडू शकतो.

सरकारी बाजूचे एक साधन मात्र जपून वापरावे. मुंबई सरकार १८६८ च्या सुमारापासून देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी सारांश गुप्तपणे तयार करून घेत असे. मध्य प्रांताच्या पत्रांचे सारांश वायव्य प्रांताच्या संग्रहांतून निघत. मूळ पत्रांचे कित्येक अंक नाहीसे झाले असल्याने हे सारांश अमोल आहेत. पण ते तयार करणाऱ्याला रावेरच्या वाड्यात रस नव्हता. त्याला हवे होते सरकारविरोधी मत. त्यामुळे पोलीस गरिबांना छळतात ही 'खानदेश वैभवा'ची तक्रार सारांशात सापडावी, आणि ज्या दरोड्यावरून ती तक्रार झाली त्याचे गाव मात्र गळलेले असावे, असे होते. उलट १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याचा धाक असताना संपादकाने काय छापले नाही, ते सारांशात शोधून उपयोग नाही.

आतापर्यंतचे विवेचन लुटल्या गेलेल्यांच्या घराण्यांचे झाले. लुटणारा म्हणून ज्याचे नाव लागले त्याच्या घराण्याचे काय? इंदूरजवळ पातालपाणी येथे तंट्याचे ठाणे आहे. महू-खंडवा मार्गावर तेथे गाड्या क्षणभर थांबत असत, आणि आदिवासी त्याला मामा म्हणतात. मामा हे नाते वृत्तपत्राने दिलेले नाही; ज्या अकरा वर्षांत पत्रे त्याला डाकू लिहीत होती त्याच वर्षांत पाड्यांवर ते तयार होत होते. या स्मृतीत तारखा नाहीत, गावे आहेत. वृत्तपत्रांत तारखा आहेत आणि गावांची नावे मोडतोड झालेली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर पुष्कळ ठिकाणी एकीने दुसरीचे कोडे सुटते, आणि मराठीत हे काम मनावर घेणारे लेखक झाले आहेत. बाबा भांड यांनी तंट्यावर कादंबरी लिहिली ती या नायकाच्या कागदपत्रांचा दीर्घ पाठपुरावा करून. पण कादंबरीकाराला जी मुभा असते ती वंशावळ लिहिणाऱ्याला नसते. शिवाय तिसऱ्या प्रकारचे घराणे उरतेच: ज्याने दगा दिला त्याचे, ज्या पाटलाला पाठलागाबद्दल बक्षीस मिळाले त्याचे. एकाच कृत्याला सरकारी राजपत्रात राजनिष्ठा म्हटलेले आणि पाड्यावरच्या गाण्यात विश्वासघात. अशा घरातला कोणी ग्रंथालयात येऊन जुना खंड मागतो तेव्हा ग्रंथपालाने खंड द्यावा आणि गप्प राहावे. काय सापडेल याची पूर्वसूचना देणे हे त्याचे काम नाही. बातमीत नुसती अटक आहे की शिक्षाही, एवढे पाहायला सांगणे मात्र त्याचे काम आहे.

कागद कोठे आहेत हा प्रश्न सरहद्दीच्या माणसाला इतरांपेक्षा जास्त जाचतो, कारण राजवटी मोडल्या तशी दप्तरेही वाटली गेली. खानदेशचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, म्हणून निमाडचा जुना पत्रव्यवहार पुष्कळसा तिकडे. १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाल्यावर काही भोपाळकडे. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, त्यापूर्वीचे रेसिडेंटाचे कागद हैदराबादशी निगडित. होळकरांचे दप्तर निराळे. बऱ्हाणपूर १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, पण त्यापूर्वीचे सारे खंडव्याच्या नावाखाली शोधावे लागते. वृत्तपत्रांसाठी पुण्याची केसरी-मराठा ग्रंथशाळा आणि मुंबईचे १८९८ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय ही दोन ठिकाणे मुख्य. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली नियतकालिकांची सूची हाताशी असावी. पण तिच्यात लेख सापडतो, बातमी नाही. बातमीची सूची मराठीत कोणी केलेली नाही आणि एकट्यादुकट्याने ती होण्यासारखीही नाही. इंग्रजी पत्रांचे जुने अंक आता संगणकावर शोधता येतात. मराठी पत्रांचे बहुतांशी येत नाहीत, कारण जुन्या खिळ्यांची अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. आणि यामुळे एक नवाच पक्षपात निर्माण होतो आहे. शोध घेणारा सोपे तेच वाचतो, आणि सरहद्दीचा इतिहास पुन्हा 'पायोनियर'च्या नजरेने लिहिला जातो.

राहिला प्रश्न कागदाच्या आयुष्याचा. चिंध्यांच्या कागदावर छापलेले जुने अंक अजून दुमडता येतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आल्यानंतरचे, म्हणजे तंट्याच्या काळापासून पुढचे, स्वतःच्याच आम्लाने पिवळे होऊन कडांना चुरतात. प्रवेश-अंक आणि गाजलेल्या बातम्यांची पाने आधी जातात, कारण तीच जास्त हाताळली जातात. काही ठिकाणी ब्लेडने कापून नेलेली आढळतात, आणि कापणारा बहुधा वंशावळ शोधणाराच असतो, हे खेदाने सांगावे लागते. लालबागेत रेल्वेची, गिरणीची, सावकारीची जुनी घरे आहेत. ट्रंकेच्या तळाशी, तसबिरीच्या पाठीमागे, हिशेबाच्या वहीच्या पुठ्ठ्यात साप्ताहिकांची पाने अस्तरासारखी लावलेली सापडतात. ती ओढून काढू नयेत. वही तशीच ग्रंथालयात आणावी, छायाचित्र घ्यावे, पत्राचे नाव, तारीख आणि पानाचा आकडा दिसत असेल तर टिपून ठेवावा. नाव फाटलेले असेल तर मुद्रकाची ओळ पाहावी. ती बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी असते. आणि बांधलेल्या खंडात ज्या तारखांचे अंक नाहीत त्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात, म्हणजे नंतर येणाऱ्याला ती पाने पुन्हा उलटावी लागणार नाहीत.